शाळेत बंदूकधारी घुसला तर? तिसरीच्या पोरांची रंगीत तालीम कशाला!

मानपाड्याचा बाबा:
गेल्या शनिवारी लेकीच्या शाळेत ‘लॉकडाउन ड्रिल’ झालं, म्हणजे बंदूकधारी घुसला तर वर्ग बंद करून लपायची तालीम. दिवे घालवले, तिसरीची पोरं बाकांखाली, आणि कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे, वॉचमनकाकांनी बाहेरून दार धडाधडा बडवलं. तेव्हापासून पोरगी रात्री एकटी बाथरूमला जात नाही. अमेरिकेत दुकानात बंदूक मिळते. इथं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना काढताना चपला झिजतात. त्यांचं दुखणं आपण कशाला अंगावर घ्यायचं? शाळा सुटल्यावर घोडबंदर रोड ओलांडायची तालीम घ्या त्यापेक्षा.

निवृत्त फौजदार, कळवा:
साहेब, २६/११ ला कसाबनं परवाना काढला होता? सीएसटीवर आमच्या लोकांच्या हातात लाठ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. मानेसरहून एनएसजीचे कमांडो पोचेतो दुसरा दिवस उजाडला. राज्याचं स्वतःचं कमांडो पथक, फोर्स वन, त्यानंतर उभं राहिलं. पण आधी पोचणार तो जवळच्या चौकीचा शिपाईच. अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत १९९९ मध्ये गोळीबार झाला तेव्हा पोलीस खास पथकाची वाट बघत बसले, म्हणून तिकडे शिकवायला लागले की पहिला पोचेल त्यानं आत शिरायचं. तरी २०२२ ला तिथल्याच युवाल्डीच्या शाळेत पोलिसांनी हल्लेखोराला गाठेतो ७७ मिनिटं गेली. १९ मुलं, २ शिक्षिका मेल्या. म्हणून म्हणतो, पोरांची राहू द्या, आमची तालीम घ्या. शाळेचा नकाशा तरी असतो का चौकीत?

घणसोलीची आई:
७७ मिनिटं? संध्याकाळी घोडबंदरला ॲम्ब्युलन्स तेवढ्यात कापूरबावडीही ओलांडणार नाही. आणि धोका भिंत चढूनच येतो हे कुणी ठरवलं? बदलापूरला २०२४ मध्ये चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराचा आरोप शाळेतल्याच सफाई कामगारावर होता. त्याला कुठलं ड्रिल?

निवृत्त फौजदार, कळवा:
ताई, विषय भरकटतोय. एक रोग आहे म्हणून दुसऱ्याची लस घ्यायची नाही का?

ऐरोलीच्या बाई:
मी शिकवते. दार बडवणं हा शुद्ध मूर्खपणा. पण तालीमच नको म्हणू नका. आमच्या वर्गाला आतून कडी नाही, पोरं कोंडून घेतात म्हणून काढून टाकली. कुलूप काय ते बाहेरून. युवाल्डीतही वर्ग बंद करायला किल्ली बाहेरूनच फिरवावी लागे. दुसरी गोष्ट घंटेची. अमेरिकेतच पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये गोळीबार चालू असताना आगीचा भोंगा वाजला आणि वरच्या मजल्यावरची मुलं वर्ग सोडून बाहेर आली. आमच्याकडे प्रार्थना, मधली सुट्टी, आग, सगळ्याला एकच टोल. आधी आम्हाला शिकवा, वाहत्या जखमेवर घट्ट दाब कसा धरायचा तेसुद्धा. मुलांना एवढंच पुरे: बाई सांगतील तिथं गुपचूप बसायचं.

मानपाड्याचा बाबा:
कडी मान्य, घंटा मान्य. पण फौजदारसाहेब, कसाब शाळेत नव्हता आला.

निवृत्त फौजदार, कळवा:
कामा हॉस्पिटलात येईल असं तरी कुणाला वाटलं होतं?

ऐरोलीच्या बाई:
कडीसाठी मी जूनमध्ये अर्ज दिलाय. सुतार येणार आहे म्हणतात.