मदत हवी आहे: आर्सेनल आणि स्पर्सचे स्क्वॉड नीट कसे तुलना करायचे? (सीझन २०२५-२६)

पेठेतला_गनर:

मंडळी, इंग्लंडची प्रीमियर लीग या शुक्रवारी म्हणजे १५ ऑगस्टला सुरू होतेय आणि आमच्या घरात आत्ताच भांडण पेटलंय. मी आर्सेनलवाला, मावसभाऊ स्पर्सवाला (म्हणजे टॉटनहॅम), दोघंही मूळचे कोल्हापूरचे त्यामुळे फुटबॉलवरून भांडणं हे आम्हाला काय नवीन नाही, लहानपणी पीटीएम-दिलबहार या कोल्हापूरच्या टीमवरून व्हायची आता नॉर्थ लंडनच्या या दोन टीमवरून होतात एवढंच. तर दरवर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी आम्ही एक्सेल शीट करतो, दोन्ही टीमचे प्लेअर पोझिशनप्रमाणे समोरासमोर ठेवायचे, प्रत्येकाला दहापैकी मार्क, बेरीज करायची आणि मे महिन्यात बघायचं कोण बरोबर होतं.

यंदा मी शीट पाठवली तर त्यात आर्सेनल एवढं पुढे आलं की भावाने सरळ सांगितलं, तू चीटिंग केलीस. त्याचा मुद्दा असा की स्पर्सच्या मॅडिसनला मी शून्य दिलं कारण कोरियात सोलमध्ये न्यूकॅसलविरुद्धच्या मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला, एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट), पण आर्सेनलच्या जेझूसचंही एसीएल जानेवारीत गेलंय आणि तो अजून मैदानात नाही तरी त्याला मी पाच दिले. मी म्हणतो जेझूस या सीझनमध्ये कधीतरी तरी परत येईल, मॅडिसनचं तर आत्ता कुठे झालंय. तो म्हणतो मग 'कधीतरी'चे पाच मार्क कसे?

दुसरं भांडण स्पर्सच्या सोन ह्युंग-मिनवरून. दहा वर्षं, १७३ गोल, आणि आता माणूस लॉस एंजेलिसला गेला. भाऊ म्हणतो त्याच्या जागी कुडुस आलाय वेस्ट हॅममधून ५५ मिलियन पाउंडला, हिशोब फिट्ट. मला पटत नाही, कुडुस उजवीकडून खेळणारा आहे आणि गेल्या सीझनला लीगमध्ये त्याचे गोल पाच, सोनचे वाईट सीझनमध्येही सात होते. डावीकडे कोण मग, मॅथिस तेल? ओडोबेर?

आमचं आर्सेनलचं तुम्हाला माहितीच आहे, ग्योकेरेस आला, झुबिमेंडी, मादुएके, मोस्केरा, नॉरगार्ड, केपा. गेले कोण तर थॉमस पार्टी, जॉर्जिन्हो, टोमियासू, टियर्नी. म्हणजे वजाबाकीत फारसं काही जात नाही. पण भाऊ ३१ जुलैच्या हाँगकाँगच्या आर्सेनल-स्पर्स मॅचचा स्कोअर रोज पाठवतो, स्पर्सच्या सारने हाफवे लाइनजवळून मारलेला गोल, १-०. त्याला उत्तर म्हणून मी गुरुवारचा बायर्न ४ स्पर्स ० पाठवतो. असं चाललंय.

तर प्रश्न असा की मार्क द्यायची पद्धतच चुकतेय का? कुणी असं काही नीट करत असेल तर सांगा, शीट १५च्या आधी फायनल करायचीय.

मिडफिल्ड_मामा:

पद्धत चुकतेय. अकराला अकरा समोरासमोर ठेवले की पहिल्या दिवशीची टीम कळते, सीझन कळत नाही. गेल्या वर्षी आर्सेनलची अकरा कागदावर कुणापेक्षा कमी होती? तरी काय झालं, ओडेगार्डचा घोटा सप्टेंबरमध्ये, साकाचं हॅमस्ट्रिंग डिसेंबरमध्ये, जेझूस जानेवारीत, हॅवर्ट्झ फेब्रुवारीत, आणि शेवटी मेरिनोला स्ट्रायकर म्हणून उभं करायची वेळ आली. बिचाऱ्याने लेस्टरला दोन मारले ते सोडा. ७४ पॉइंट, १४ ड्रॉ, सलग तिसऱ्यांदा दुसरा नंबर.

मी असं करतो बघ. प्रत्येक लाइनमधला सगळ्यात चांगला माणूस झाकायचा आणि मग उरलेल्यांना मार्क द्यायचे. आर्सेनलचा सालिबा झाकला तर मोस्केरा आहे, टिंबर आत येऊ शकतो, चालतंय. राइस झाकला तर झुबिमेंडी, नॉरगार्ड, मेरिनो. ग्योकेरेस झाकला तर हॅवर्ट्झ. मागच्या वर्षी इथंच भोक होतं, आता बुजलंय.

आता स्पर्स. मधे माणसं ढिगाने आहेत, पालिन्या, बेंटांकूर, सार, बिसुमा, बर्गवॉल, ग्रे. सहा! पण यातला डिफेन्स फोडणारा पास देणारा कोण? तो पास द्यायचे मॅडिसन आणि कुलुसेव्हस्की, आणि दोघांचेही गुडघे दवाखान्यात. म्हणून तर जुलैमध्ये गिब्ज-व्हाइटच्या मागे लागले होते, त्याने त्याच्याच क्लबशी, नॉटिंगहॅम फॉरेस्टशी, नवा करार केला आणि विषय संपला. तुझ्या शीटमध्ये 'मिडफिल्ड' असा एकच रकाना असेल तर स्पर्सला भरपूर मार्क पडतील आणि ते खोटे असतील. रकाना फोड.

स्पर्सवाला_ठाणेकर:

मामा बाकी ठीक पण मागच्या लाइनचं पण बोला की. रोमेरो आणि फान द व्हेन एकत्र फिट असले की आमचा डिफेन्स वेगळाच असतो, गेल्या सीझनला हे दोघं एकत्र दिसलेच कमी. विकारिओ, पोरो, उडोगी, स्पेन्स, डान्सो सगळे तेच आहेत. ह्याच लोकांनी लीगमध्ये ६५ गोल खाल्ले, २२ मॅच हरले, १७वे आले, आणि ह्याच लोकांनी २१ मेला बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग उचलली. आता सांगा ह्यांना दहापैकी किती द्यायचे?

मॅनेजरचा रकाना शीटमध्ये आहे का? नसेल तर ती शीट फेकून द्या. आमचा आधीचा मॅनेजर पोस्टेकोग्लू, त्याची डिफेन्सची लाइन हाफवेपर्यंत वर, मागे सगळं मैदान मोकळं, फान द व्हेनने किती धावायचं. नवा मॅनेजर थॉमस फ्रँक ब्रेंटफर्डमध्ये मॅच बघून तीन मागे की चार मागे ठरवायचा, सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक) काम करायचा. तेच प्लेअर, पण किंमत बदलते. (आणि फ्रँकचा ब्रेंटफर्डचा कॅप्टन नॉरगार्ड यंदा तुमच्याकडे बेंचवर बसणार, आणि आमच्या अकॅडमीतला मादुएके तुमच्या विंगवर. नशीब बघा.)

पेठेतला_गनर:

@ठाणेकर सेट पीसचं तुम्ही आम्हाला सांगताय? सप्टेंबर २०२४, तुमचंच ग्राउंड, कॉर्नर, गॅब्रिएलचं डोकं, ०-१. जानेवारीत घरी परत २-१. पण मॅनेजरचा मुद्दा पटला, भाऊ पण तेच म्हणत होता फक्त तो शिव्या देऊन म्हणत होता. फ्रँकला मार्क कसे द्यायचे पण? स्पर्सबरोबर एकही लीग मॅच झाली नाहीये.

मामा झाकायची आयडिया भारी आहे, आज रात्री करून बघतो.

नियमवाला:

एक गोष्ट कुणीच बोललं नाही, रजिस्ट्रेशन. प्रीमियर लीगमध्ये लिस्ट २५ जणांची, त्यात होमग्रोन (तरुणपणी इंग्लंड-वेल्सच्या क्लबात तयार झालेले) नसलेले जास्तीत जास्त १७. पण या सीझनला १ जानेवारी २००४ किंवा नंतर जन्मलेल्यांना लिस्टमध्ये घालावंच लागत नाही. म्हणजे तुमचे लुईस-स्केली, न्वानेरी आणि तो १५ वर्षांचा डाउमन ज्याने सिंगापूरमध्ये न्यूकॅसलविरुद्ध पेनल्टी मिळवून दिली, हे सगळे लिस्टच्या बाहेरून खेळू शकतात. स्पर्सचे ग्रे, बर्गवॉल, तेल, ओडोबेर, जपानहून आणलेला ताकाई, हे पण तसेच. इथं दोघंही आरामात आहेत.

घोळ युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये होतो. तिथं पण २५, पण त्यात आठ जागा त्या देशात तयार झालेल्यांसाठी आणि त्यातल्या चार स्वतःच्या क्लबात तयार झालेल्यांसाठी राखीव, तेवढे नसतील तर लिस्ट तेवढी छोटी. आणि तरुणांना मोकळीक मिळायला क्लबमध्ये सलग दोन वर्षं झालेली असावी लागतात. ग्रे आणि बर्गवॉल आले गेल्या उन्हाळ्यात, तेल तर फेब्रुवारीत, त्यामुळे हे तिघंही २५ मध्येच मोजले जाणार. लुईस-स्केली आणि न्वानेरी अकॅडमीचेच, त्यांना हा प्रॉब्लेमच नाही. म्हणजे एकच स्क्वॉड शनिवारी मोठा दिसतो आणि बुधवारी लहान. शीट दोन करा, लीगची वेगळी, युरोपची वेगळी.

पेठेतला_गनर:

बाप रे. हे भावाला सांगितलं तर तो म्हणेल मी नियम पण आर्सेनलच्या बाजूने शोधून आणले.

मिडफिल्ड_मामा:

आणणारच की. 😄 बरं ते जेझूस-मॅडिसनचं. दोघांनाही क्वालिटीचे मार्क पूर्ण दे आणि शेजारी दुसरा रकाना कर, ३८ पैकी किती मॅच खेळेल असा अंदाज. दोन्हींचा गुणाकार. मॅडिसनचे आठ मार्क असतील पण मॅच दोनचार, उत्तर आपोआप छोटं येतं आणि जेझूसचं पण फार मोठं येत नाही. अंदाज मात्र तू आणि भाऊ दोघांनी मिळून ठरवायचा, नाहीतर परत तेच.

सोनचं म्हणशील तर एकास एक बदली शोधूच नको. डावी बाजू धरून सगळ्यांचे मिळून मार्क दे. तिथं स्पर्स कमी पडतायत हे ठाणेकर पण मान्य करतील.

स्पर्सवाला_ठाणेकर:

करतो मान्य. पण ट्रान्सफर विंडो १ सप्टेंबरपर्यंत उघडी आहे, अजून एक मोठा माणूस येणार आमच्याकडे.

पेठेतला_गनर:

अपडेट. मामांच्या पद्धतीने केलं, आर्सेनल अजूनही पुढे पण फरक बराच कमी झाला. बॅकलाइनमध्ये तर पहिले चार फिट धरले तर दोन्ही टीम जवळजवळ आल्या, ते मला अपेक्षित नव्हतं. भावाने मॅनेजरचा रकाना मान्य केला, फ्रँकचे मार्क ख्रिसमसला भरायचे असं ठरलं. आता त्याचं नवीन टुमणं, शीटमध्ये डावीकडे क्रिस्टल पॅलेसच्या एझेला घालायचं म्हणे, स्पर्सकडे येणारच आहे, पेपरात आलंय.

नियमवाला:

पेपरात त्याचं नाव तुमच्या क्लबशी पण जोडलेलं होतं. आज वेम्बलीला कम्युनिटी शील्डमध्ये तो पॅलेसकडूनच खेळला, लिव्हरपूलला पेनल्टीवर हरवलं त्यांनी. सही होईपर्यंत दोघांच्याही रकान्यात लिहू नका.