पश्चिमेच्या बाल्कनीत आडोशासाठी बांबू: १२ इंची कुंडी पुरते का?

प्रश्न – सावलीची_जागा
नमस्कार. पुणे, सहावा मजला, बाल्कनी पश्चिमेला. समोरच्या इमारतीपासून आडोसा हवा म्हणून हेज बांबूची तीन रोपं आणली आहेत, चार फुटांची. १२ इंची प्लास्टिकच्या कुंड्या. दुपारी तीननंतर पानं सुरळीसारखी गुंडाळतात, सकाळी उलगडलेली दिसतात. टोकं तपकिरी आहेत. बोअरचं पाणी रोज देते. नवे कोंब उदबत्तीएवढे बारीक येतात. कुंडी आत्ता मेमध्ये बदलू का? आणि पिवळा जाड बांबू कुंडीत होईल का?

बेटकरी
सुरळी म्हणजे तहान, रोग नव्हे. पान गुंडाळून घेतं म्हणजे उन्हाला कमी तोंड देतं आणि पाणी वाचवतं. १२ इंची कुंडीत माती मावते जेमतेम १५ लिटर, पश्चिमेच्या उन्हात ती दुपारपर्यंत सुकते. कुंडी बदलाच.

जात योग्य मिळाली आहे. हेज बांबू (बांबुसा मल्टिप्लेक्स) बेट करून, जागच्या जागी वाढतो. फायलोस्टॅकिससारखे पळणारे बांबू मात्र कुंडीत घेऊ नका. त्यांचा कंद (मातीखालचं आडवं खोड) कडेकडेनं गोल फिरतो आणि खालच्या भोकातून वाट काढतो.

बारीक कोंबांबद्दल: बांबूचा कोंब ज्या जाडीचा वर येतो त्याच जाडीचा राहतो, आंब्याच्या खोडासारखा वर्षागणिक भरत नाही. कंदाला जागा आणि खाणं मिळालं तर पुढच्या पावसाळ्यातले कोंब जाड येतील, आत्ताचे नाहीत. हिरव्या रेघांचा पिवळा बांबू जमिनीत मनगटाहून जाड होतो, कुंडीत निम्मासुद्धा होत नाही. जाडीच हवी असेल तर बुद्धा बेली नावाचा बांबू घ्या. कुंडीतल्या अडचणीत आणि कमी पाण्यात त्याची पेरं फुगतात, मोकळ्या जमिनीत तोच सरळसोट वाढतो.

कुंडी २० इंच रुंद, १८ इंच खोल. तोंडाशी निमुळती, मडक्याच्या आकाराची कधीही नको. दोन वर्षांनी रोप काढायला ती फोडावीच लागते.

मातीकाम
माती: चार भाग लाल माती, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट, एक भाग भाताची तूस. नुसती काळी माती भरली तर सुकल्यावर ती कुंडीच्या कडा सोडते, पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पाणी घातल्याबरोबर खालून वाहत असेल तर तुमच्या कुंडीत हेच चाललंय, किंवा मुळांनी कुंडी गच्च भरली आहे.

तपकिरी टोकांना तहानेइतकंच बोअरचं पाणी कारणीभूत असावं. मातीवर, कडेला पांढरी पापडी दिसते का पाहा. दिसली तर महिन्यातून एकदा नळाचं १५-२० लिटर पाणी सावकाश ओता, खाली आलेलं टबात धरून फेकून द्या. ताटलीत पाणी साठवून ठेवू नका, कंद कुजतो.

गळलेली पानं कुंडीतच राहू द्या, फार मोलाची आहेत. त्यांतली सिलिका परत मुळांना मिळते.

सावलीची_जागा
खूप आभार. पापडी आहे. पण २० इंची तीन कुंड्यांचं वजन बाल्कनी पेलेल का?

बेटकरी
हे आधीच लिहायला हवं होतं. २० इंची कुंडी भिजल्यावर ८० किलोच्या आसपास जाते. तीन म्हणजे अडीचशे किलो, तेही कठड्याशी. बाल्कनी खांबाशिवाय पुढे आलेली असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. १६ इंची घेतली तर एक साधारण ४५ किलो. दोन्ही टोकांना, बाजूच्या भिंतींलगत ठेवा. पाणी मात्र उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ लागेल आणि बेट दर दोन वर्षांनी फोडावं लागेल.

करवत_आणि_कुंडी
मेच्या कडक उन्हात मुळं उघडी करू नका. जूनमध्ये ढग येऊन हवा निवली की लगेच बदला, कोंब डोकं काढायच्या आत. कोवळा कोंब हलक्या धक्क्यानंही मोडतो आणि मोडलेला पुन्हा वाढत नाही.

आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी. कुंडी आडवी करून, कडेनं थोपटून गोळा सरकवा, काठ्या धरून ओढू नका. बाहेरची गुंडाळलेली मुळं इंचभर कापा. पुढे बेट फोडाल तेव्हा हातकरवतीनं फोडा, कुदळीनं कंदावरचे डोळे चिरडतात. प्रत्येक तुकड्याला तीन-चार काठ्या आणि निदान दोन टपोरे डोळे हवेत. जुनी पातळी होती तेवढंच खोल लावा, वर दोन इंच पाण्याला जागा ठेवा. पंधरा दिवस दुपारी हिरवी जाळी. खत महिन्यानं: १६ इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड, पावसाळाभर महिन्यातून एकदा.

सहाव्या मजल्यावर वारा असणारच. उंचीच्या दोन-तृतीयांशावर सुती दोरीनं ग्रिलला सैल बांधा. शेंडा छाटलात तर ती काठी उंच होणार नाही, खालून फांद्या फुटतील. आडोशाला तेच उपयोगी, म्हणून सहा फुटांवर बिनधास्त छाटा.

काठीला चिकटलेल्या सालपटांच्या आत पिठ्या ढेकूण लपतो. वाळकी सालपटं बोटानं सोलून काढा, मगच फवारा: लिटरला ५ मिली नीम तेल, २ मिली पातळ साबण, ऊन उतरल्यावर.