कोर्टात गेलेलं ई-चलन: केस कुठं शोधायची, दंड कुठं भरायचा, नक्कल कशी काढायची? (सोलापूर)

छोटाहत्ती_१३

मंडळी, एमएच १३ पासिंगचा छोटा हत्ती टेम्पो विकायचा आहे. घेणारा म्हणतो, सगळी चलनं मिटल्याचा कागद द्या, मगच गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. गाडीवर तीन चलनं आहेत.

पहिलं सात रस्त्याच्या सिग्नलचं. महाट्रॅफिकवर, म्हणजे वाहतूक पोलिसांच्या चलन पोर्टलवर दिसतं, भरायचं बटणही येतं. दुसरं पुणे रोडवरचं, वेगमर्यादेचं. ते कोर्टात पाठवल्याचं दिसतं आणि भरायची सोयच येत नाही. तिसऱ्याचं मोहोळ कोर्टाचं समन्स आलं होतं, त्याची तारीख उलटून गेली. समन्सच्या झेरॉक्सवर केस नंबर पुसट आहे, वाचता येत नाही.

दुसऱ्याचे पैसे कुठं भरायचे? तिसऱ्याचा नंबर कसा काढायचा? आणि दंड भरल्याची पावती घेणाऱ्याला पुरेल की कोर्टाच्या आदेशाची नक्कलच लागेल?

दप्तर_कट्टा

तुमची तिन्ही चलनं तीन वेगळ्या ठिकाणी आहेत, म्हणून गोंधळ होतोय. पैसे भरण्याआधी प्रत्येक चलन सध्या कुणाकडं आहे ते बघा: पोलिसांकडं, व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाइन कोर्टाकडं की तालुक्याच्या कोर्टाकडं. एका ठिकाणी भरलेली रक्कम दुसऱ्या ठिकाणची केस बंद करत नाही.

पहिल्याचं सोपं आहे. महाट्रॅफिकवर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाका, पैसे भरा, पावती उतरवून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे ही तडजोड झाली, म्हणजे कोर्टात न जाता पैसे भरून मिटलं. पुढं कारवाई होत नाही आणि दोषी ठरल्याची नोंदही होत नाही. म्हणून बटण दिसतंय तोवर भरून टाका, हे चलन कोर्टात जाईपर्यंत थांबू नका. मात्र आधी फोटो उघडून नंबरप्लेट नीट बघा. गाडी तुमची नसेल तर पैसे न भरता त्याच पोर्टलवर तक्रार नोंदवा.

दुसरं व्हर्च्युअल कोर्टाच्या साइटवर शोधा. महाराष्ट्र निवडायचं आणि चलन नंबर किंवा गाडी नंबर टाकायचा. गाडी नंबरमध्ये रेघ किंवा मोकळी जागा नको, आणि शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर पडलं तर काहीच सापडत नाही. मोबाइल नंबरवरूनही शोधता येतं, पण आरसीला जोडलेला नंबर जुना असेल तर तिथं काही निघत नाही. समन्सचे मेसेज न मिळण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं. विकायच्या आधी परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नंबर बदलून घ्या.

केसपुढं नागपूर जिल्ह्यातलं काटोल दिसलं तर घाबरू नका. राज्यातल्या वाहतूक चलनांसाठीचं व्हर्च्युअल कोर्ट २०२० साली तिथंच सुरू झालं. तिकडं जावं लागत नाही. केस उघडली की प्रस्तावित दंडाचा आकडा येतो आणि दोन पर्याय मिळतात: दंड मान्य करून भरणं किंवा केस लढवणं. भरला की केस निकाली निघते. लढवायचं म्हटलं की केस हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टाकडं वर्ग होते आणि मग तारखा सुरू होतात, त्यामुळं हे बटण नुसतं बघायला म्हणून दाबू नका.

वेगमर्यादेच्या चलनात एक गोष्ट हमखास तपासा. कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे, मध्यम आणि अवजड वाहनाला २,००० ते ४,०००. साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाची गाडी हलक्या वाहनात मोडते, म्हणजे छोटा हत्ती हलकाच. मालवाहू आहे म्हणून अवजडचा आकडा लागला असेल तर लढवायला खरा मुद्दा आहे. आरसीवरचं एकूण वजन दाखवलं की विषय स्पष्ट होतो.

छोटाहत्ती_१३

दुसरं सापडलं. वर्गवारी बरोबर आहे, आकडा २,००० चा. पण पैसे भरताना खात्यातून गेले आणि केस अजून पेंडिंगच दिसतेय. परत भरू का?

दप्तर_कट्टा

लगेच परत भरू नका. बँकेच्या उताऱ्यातला व्यवहार क्रमांक लिहून घ्या. एक-दोन दिवसांनी तीच केस पुन्हा उघडून स्थिती बघा. पैसे खात्यात परत आले तर व्यवहार फसला असं समजा आणि तेव्हाच दुसऱ्यांदा भरा. केस निकाली दिसत नाही तोवर बँकेचा मेसेज म्हणजे दंड भरल्याचा पुरावा असं धरू नका.

नक्कल_अर्ज

तिसऱ्याबद्दल सांगतो, कारण घाई त्याचीच आहे.

ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपवर महाराष्ट्र, सोलापूर आणि मग मोहोळचं न्यायालय निवडा. सोलापूरचं जिल्हा न्यायालय निवडलं तर मोहोळची केस तिथं दिसणार नाही. पंढरपूर, बार्शी, सांगोला, करमाळा या सगळ्यांचं असंच आहे, प्रत्येक तालुक्याचं कोर्ट वेगळं निवडावं लागतं. चलन कुठं झालं यावरून कोर्ट ठरतं, गाडीचं पासिंग किंवा मालकाचा पत्ता कुठला यावरून नाही.

नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावानं शोधा. फिर्यादी सरकार असतं, म्हणून स्वतःचं नाव टाका, तेही आरसीवर जसं छापलंय तसं. निघालं नाही तर इंग्रजी स्पेलिंग बदलून बघा, आडनाव आधी टाकून बघा. वर्ष टाकायचं ते केस नोंदल्याचं, चलन झालं त्याचं नव्हे. डिसेंबरचं चलन पुढच्या वर्षी दाखल झालेलं असू शकतं. आणि पेंडिंग, निकाली, दोन्ही यांपैकी ‘दोन्ही’ निवडा. बरेच जण पेंडिंगवरच ठेवतात आणि केसच नाही असं समजून बसतात. एफआयआरच्या खान्यात वेळ घालवू नका, साध्या चलनाला एफआयआर नसतो.

ही केस बहुतेक एससीसी प्रकारात, म्हणजे समरी क्रिमिनल केसमध्ये सापडेल. सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. एमएच पासून सुरू होतो आणि पुढं तेवढ्या एका नंबरवर सगळं निघतं.

मग पुढची तारीख आणि टप्पा वाचा. अजून समन्सच असेल तर त्या तारखेला हजर राहा. वॉरंट निघालेलं असेल तर तारखेची वाट न बघता वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या आणि त्याच दिवशी केस संपवता येईल का ते विचारा. गुन्हा कबूल केला की न्यायालय दंड ठरवतं, तो नाझरकडं, म्हणजे कोर्टात पैसे घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडं, भरून पावती घ्यायची. न्यायालयानं ऑनलाइन भरायला सांगितलं तर ई-पे साइटवर सीएनआर टाकून ‘दंड’ हा प्रकार निवडायचा. चुकून ‘कोर्ट फी’ निवडली तर रक्कम दुसऱ्याच खाती जमा होते.

आता नक्कल. तडजोडीच्या चलनाला पोर्टलची पावती पुरते, तिथं न्यायालयाचा आदेशच नसतो. मोहोळच्या केसला मात्र प्रमाणित नक्कल काढा. पावती एवढंच सांगते की पैसे जमा झाले. केस संपली हे आदेशावरून कळतं. ऑनलाइन आदेशाची पीडीएफ दिसली नाही तरी गडबडू नका. समरी केसमध्ये लांबलचक निकालपत्र नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा कायदा) कलम २८६ प्रमाणे ठराविक दहा बाबींची नोंद असते: अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादी, आरोपी, आरोपीचं म्हणणं, निष्कर्ष, शिक्षा, केस संपल्याची तारीख अशा. तुम्हाला याच नोंदीची नक्कल हवी.

अर्ज त्याच कोर्टाच्या नक्कल विभागात द्यायचा. केस नंबर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहा. नुसतं ‘सर्व कागदपत्रं’ लिहिलं की पानं वाढतात, आणि आकार पानांवर असतो. अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावा. साधी की तातडीची हेही लिहा, तातडीला जादा आकार पडतो. निकाली केसचं दप्तर रेकॉर्ड रूमला गेलं असेल तर तिथून मागवावं लागतं आणि तेवढे दिवस वाढतात. म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज देऊन या. किरकोळ केसची दप्तरं मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळं जुन्या चलनाची नक्कल काढायची असेल तर अजिबात थांबू नका.

नक्कल हातात आली की तिथंच शिक्का, सही आणि गाडी नंबर वाचा. नंबरमध्ये एक आकडा चुकला तर घेणारा हरकत घेईल, आणि दुरुस्तीला पुन्हा अर्ज करावा लागेल.

भीमाकाठ

वरच्या दोघांनी नीट सांगितलंय, लोकअदालतीचं तेवढं राहिलं. मोबाइलवर ‘चलन निम्म्यात मिटवा’ असे व्हिडिओ फिरतात. त्यातले बरेच कर्नाटकातले आहेत. तिकडं २०२३ मध्ये सरकारनं जुन्या चलनांवर ५० टक्के सूट दिली होती. विजापूर-कलबुर्गी आपल्याला लागून असल्यानं इथंही ती मिळते असा समज झालाय. एमएच १३ गाडीला विजापुरात झालेलं चलन महाट्रॅफिकवर दिसत नाही, ते वेगळं शोधावं लागतं, हेही घेणाऱ्याला आधीच सांगा.

इथल्या राष्ट्रीय लोकअदालतीत चलनं ठेवली जातात, पण किती कमी होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. तारीख जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. तिथं मिटलं की तो निवाडा अंतिम, अपील नाही. वॉरंट निघालेल्या केससाठी लोकअदालतीची वाट बघत बसणं मात्र चूक आहे.

आणखी एक, सहा महिने झाले की चलन आपोआप रद्द होतं असं ऐकाल. कायदा तसं म्हणत नाही. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे सहा महिन्यांची मुदत आहे, आणि कारण पटलं तर कलम ५१९ खाली उशीर माफही होतो. हा मुद्दा न्यायालयापुढं मांडावा लागतो. पोर्टलवरची नोंद त्यानं पुसली जात नाही.

आणि व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावानं एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी) आली तर ती उघडू नका, खातं रिकामं करणारी असते. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन नसेल तिथं गाडी नंबरसुद्धा टाकू नका.

छोटाहत्ती_१३

मोहोळची केस नावावरून सापडली, ‘दोन्ही’ निवडल्यावर. टप्पा समन्सचाच आहे, पुढची तारीख बाविसाव्या दिवशी. विक्रीचा व्यवहार त्यानंतर ठेवतो. सह्या झाल्यावर आरटीओला कळवायची मुदत किती?

दप्तर_कट्टा

त्याच राज्यात विकताय तर तुम्ही १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आरसीवर नाव चढेपर्यंत होणारी चलनं तुमच्याच नावानं येतील, तेव्हा गाडी कुणाच्या हातात होती हे दाखवायला तोच कागद लागेल.