परिपाठ पुरे की धर्मांचा वेगळा तास हवा?

वाटसरू: लेक सातवीत आहे. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा, सगळं रोज होतं. परवा तिने विचारलं, 'पर्युषणात जैन मैत्रिणीच्या घरी हिरवी भाजीसुद्धा का नसते?' मला धड सांगता आलं नाही. आठवीपासून आठवड्याला एक तास धर्म आणि तत्त्वज्ञानाचा का नसावा? चार्वाकासकट. घटनेची आडकाठी नाही. कलम २८ पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणाला मनाई करतं, पण २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'धर्माचं शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचं शिक्षण' यांत फरक केला आहे.

खडूफळा: तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. तो फरक न्यायमूर्तींना कळतो हो, पण वर्गात तो पुसायला मास्तरचं एक वाक्य पुरतं. मूल्यशिक्षणाचा तास वेळापत्रकात होता आणि तो गणिताने खाल्ला. शिवाय शिकवणार कोण? आमच्याकडे सरस्वतीपूजनाला दोन मुसलमान पोरं दाराशी उभी राहायची. आत या, असं कुणी म्हणायचं नाही आणि जा, असंही नाही. मीही नाही. आम्ही इस्लाम शिकवणार?

लेस्टरकर: इंग्लंडात हा विषय १९४४च्या कायद्यापासून सक्तीचा आहे, मात्र पालक मुलाला त्यातून काढून घेऊ शकतात. अभ्यासक्रम जिल्हावार ठरतो आणि त्यासाठी चर्च ऑफ इंग्लंड, इतर पंथ-धर्म, शिक्षक संघटना आणि कौन्सिल या चारही गटांचं एकमत लागतं. मुलाने दहावीच्या तोडीच्या परीक्षेला हाच विषय घेतला. एक विधान देतात आणि दोन्ही बाजू मांडून निष्कर्ष काढायला लावतात. फाशीच्या शिक्षेवर त्याने स्वतःला न पटणारी बाजू इतकी नेटकी मांडली की मीच गप्प झालो. पण एकदा पुस्तक घेऊन आला, 'बाबा, आपण शैव की वैष्णव?' घरात विठोबा आणि खंडोबा एकाच देव्हाऱ्यात! काय सांगणार?

आडवा_प्रश्न: तोच तर घोळ आहे. धर्म पुस्तकात शिरला की रकान्यांत बसतो, आणि रकाने आखणारा कोण ते महत्त्वाचं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची आहे. हे पान पाठ्यपुस्तकात टिकेल? गाळलंत, तर नवयान, म्हणजे बाबासाहेबांचा बौद्ध धम्म, शिकवला असं कुठल्या तोंडाने म्हणाल? त्यापेक्षा निव्वळ तर्क शिकवा.

वाटसरू: प्रतिज्ञांचा मुद्दा टोचला, खरंच उत्तर नाही. पण भांडणं इतिहासाच्या पुस्तकावरूनही होतात, म्हणून आपण इतिहास बंद केला नाही. आणि नुसता तर्क शिकून पर्युषण कळत नाही. आपल्याच शंकरराव चव्हाणांच्या संसदीय समितीने १९९९ मध्ये सर्व धर्मांची मूलतत्त्वं शिकवा म्हटलं होतं, ते काय उगाच?

आडवा_प्रश्न: पर्युषण कळायला मैत्रिणीच्या आईला विचारायचं. फुकट आहे.

वाटसरू: ज्यांच्या सोसायटीत एकच जात राहते त्यांनी कुणाला विचारायचं?

खडूफळा: हे मान्य. मग एवढंच सांगा, परीक्षा घेणार का? नाही घेतली तर तास गणिताकडे जाईल. घेतली तर जूनमध्येच गाईड येईल : 'चार्वाक कर्ज काढून तूप प्या असे का म्हणाला? थोडक्यात लिहा. गुण ३.'