लॉम्ब-स्कार्गलमध्ये दोन जवळपास सारखी शिखरं, खरा आवर्तकाल कोणता?

प्रश्न
एका चलताऱ्याच्या (ज्याचं तेज कमीजास्त होतं अशा ताऱ्याच्या) तेजाच्या ६०० दिवसांतल्या २४० नोंदी आहेत, सगळ्या एकाच ठिकाणाहून. प्रत्येक मापनात ०.०२ मॅग्निट्यूडची (तेज मोजायचं एकक) त्रुटी. लॉम्ब-स्कार्गलने (असमान वेळांच्या नोंदींतला ताल शोधायची पद्धत) दिवसाला ० ते ५ आवर्तनं हा पट्टा ०.००१ च्या टप्प्याने तपासला. ०.४१२ वर शिखर आलं (उंची ०.१६), १.४१५ वर दुसरं (०.१५). शिखर निव्वळ योगायोगाने आलं असण्याची शक्यता लाखात एक निघते. मग २.४३ दिवस हाच आवर्तकाल धरायचा का?

प्रतिसाद १
इतक्यात नको. दोन शिखरांमधला फरक १.००३ आहे आणि तिथेच मेख आहे. तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणून नोंदींना दिवसाला १.००२७ आवर्तनांचा ताल असतो. तो सिग्नलमध्ये मिसळला की जुळी शिखरं उभी राहतात. ०.५९१ च्या आसपासही एक असेल, बघा.

आधी टप्पा बारीक करा. शिखराची रुंदी साधारण १/६००, म्हणजे ०.००१७. तेवढ्यात दहा बिंदू बसवायचे तर टप्पा ०.०००१७, पूर्ण पट्ट्यात तीसेक हजार बिंदू. ०.००१ च्या टप्प्यात शिखराचं टोक दोन बिंदूंच्या मधे पडलं तर पाव उंची जाते. त्यामुळे ०.१६ मोठं की ०.१५, ही तुलनाच आत्ता निरर्थक आहे.

मग विंडो, म्हणजे नोंदींच्या वेळांचा स्वतःचा ताल, काढा: वेळा त्याच, सगळी मूल्यं १, सरासरी वजा न करता पिरिओडोग्राम (वारंवारतेनुसार शिखरं दाखवणारा आलेख).

५५ कॅन्क्री ई या ग्रहाचा आवर्तकाल आधी २.८ दिवस मानला जायचा. डॉसन आणि फॅब्रिकी यांनी २०१० मध्ये दाखवलं की ती जुळ्या शिखराची करामत होती, खरा आकडा ०.७३६५ दिवस.

प्रतिसाद २
त्या 'लाखात एक'वरही विसंबू नका. ते सूत्र प्रत्येक नोंदीतला नॉइज (मापनातली अनियमित चूक) स्वतंत्र धरतं. जमिनीवरून घेतलेल्या नोंदींत एकेक रात्र अख्खीच वरखाली सरकते. योगायोगाची शक्यता तपासायला वेळा तशाच ठेवून मूल्यं पत्त्यांसारखी सुटी सुटी पिसलीत तर हे नातं तुटतं आणि निकाल फाजील चांगला दिसतो. रात्रीचे गठ्ठे न फोडता पिसा. आणि १००० वेळा पिसून हजारात एकच्या खालचा दावा करता येत नाही.

प्रश्नकर्ता
टप्पा बारीक केला: ०.४१२२ आणि १.४१४९, उंची ०.१७० आणि ०.१७२. विंडोत १.००२७ वर ठळक शिखर आहे. आता निवड कशी करू?

प्रतिसाद १
तिन्ही वारंवारतांचे (०.४१२२, १.४१४९ आणि ०.५९१) ०.०१२ विस्ताराचे (मध्यापासून वर-खाली इतके) कृत्रिम तरंग तुमच्याच वेळांवर बसवा, ०.०२ चा नॉइज घाला, प्रत्येकी ५०० वेळा चालवा. उरलेल्या शिखरांच्या उंची आणि कला (फेज, म्हणजे आवर्तनातलं स्थान) कुठल्या तरंगात तुमच्या नोंदींसारख्या येतात ते पाहा.

तरी बरोबरी झाली तर याच नोंदींतून निकाल निघणार नाही. मग एक सलग आठ तासांची रात्र घ्या. आवर्तकाल १७ तासांचा असेल तर योग्य कलेला तारा तेवढ्यात ०.०२४ मॅग्निट्यूड सरकतो. ५८ तासांचा असेल तर जास्तीत जास्त ०.०१०. रात्रीच्या दोन्ही टोकांना चाळीस-चाळीस फ्रेम घेतल्यात की फरकातली त्रुटी ०.००४५ वर येते. तुलनेचा तारा मात्र त्याच रंगाचा निवडा, नाहीतर तारा क्षितिजाकडे झुकताना वातावरणच खोटा उतार दाखवेल.