हिंदी वाहिनीचं बुलेटिन मराठी वाहिनीवर जसंच्या तसं: हे थांबायला हवं

परळ नाका (धागाकर्ता)

आज बऱ्याच मराठी वृत्तवाहिन्यांना त्याच मालकाची एक हिंदी भगिनी वाहिनी आहे. दिल्लीत काही मोठं घडलं, केंद्राचा अर्थसंकल्प असला, दुसऱ्या राज्याची मतमोजणी असली, की मराठी निवेदिका दोन वाक्यं बोलते आणि पुढे हिंदी स्टुडिओच सुरू राहतो. खालची पट्टी मराठी, वरची चर्चा हिंदी. माझ्या मते हे थांबायला हवं.

दृश्यं वाटून घ्यायला माझी हरकत नाही. संसदेतलं भाषण संसद टीव्हीच्या कॅमेऱ्यातूनच दिसणार, एएनआय किंवा पीटीआय या वृत्तसंस्थांची चित्रफीत सगळ्यांकडे एकच असणार. प्रत्येकाने आपापला कॅमेरा न्यावा असं कोण म्हणेल? हरकत आहे ती बातम्यांचा क्रम आणि त्यांवरचे प्रश्न आयते घेण्याला.

अर्थसंकल्पाचंच बघा. २०१७ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जात नाही. अर्थमंत्र्यांच्या भाषणात मुंबईच्या लोकलचा उल्लेख येईलच असं नाही. एमयूटीपीला, म्हणजे मुंबईच्या लोकलसाठीच्या नागरी वाहतूक प्रकल्पाला, काय मिळालं, विरार-डहाणू चौपदरीकरणाला किती, पनवेल-कर्जत मार्गाला किती, हे त्या दिवशी रेल्वेच्या कागदांतून कोणीतरी शोधून काढावं लागतं. हिंदी स्टुडिओतल्या तज्ज्ञांना हा प्रश्न पडत नाही आणि पडायचं कारणही नाही, कारण त्यांचा प्रेक्षक लखनौ-जयपूरचा आहे. मराठी वाहिनी असते ती हा प्रश्न विचारण्यासाठी. नेमक्या त्याच दिवशी तिचा स्टुडिओ गप्प असतो.

'मराठी माणसाला हिंदी कळतं' हे उत्तर मला नको आहे. मुंबईत कळतं. माण-खटावमधल्या सत्तरीच्या बाईंना वित्तीय तुटीवरची हिंदी चर्चा कळत नाही, आणि त्यांनी मराठी वाहिनी मराठीसाठीच लावलेली असते.

रात्रपाळी

पूर्ण असहमत. मी एका मराठी वाहिनीच्या आउटपुट डेस्कवर (बुलेटिन पडद्यावर नेणाऱ्या विभागात) काम करतो, त्यामुळे आतून सांगतो.

पहिली गोष्ट, ही देवाणघेवाण एकतर्फी नाही. मंत्रालयाबाहेर किंवा आझाद मैदानात वाहिन्यांच्या समूहाचा बहुतेक वेळा एकच रिपोर्टर उभा असतो. तो आधी मराठीत लाइव्ह देतो, मग त्याच्या कानात हिंदी पीसीआर (स्टुडिओची नियंत्रण खोली) जोडला जातो आणि तोच माणूस हिंदीत तेच सांगतो. नेत्याचा बाइट संपता संपता 'साहेब, एक हिंदीत पण' ही हाक तुम्ही टीव्हीवर हजारदा ऐकली असेल. म्हणजे लखनौच्या प्रेक्षकाला महाराष्ट्र दिसतो तो मराठी रिपोर्टरच्या डोळ्यांनी. तुम्ही म्हणता तशी भिंत घातली तर तेही बंद होईल. मग दिल्लीहून कोणीतरी विमानाने येईल आणि मराठा आरक्षणावर दोन तासांत तज्ज्ञ होईल.

दुसरी गोष्ट पैशाची. ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी), बॅकपॅक (पाठीवर नेता येणारं थेट प्रक्षेपणाचं यंत्र), उपग्रहावरच्या ट्रान्सपॉन्डरचं भाडं, वाहिनी दाखवण्यासाठी केबलवाल्यांना द्यायची कॅरेज फी, हा खर्च एकट्या मराठी जाहिरातींवर निघत नाही. इतिहासही तेच सांगतो. १९९८ मध्ये स्टार न्यूज सुरू झालं तेव्हा एकाच वाहिनीवर हिंदी आणि इंग्रजी अशी दोन्ही बुलेटिनं होती. २००३ मध्ये ती पूर्ण हिंदी झाली, आणि २००७ मध्ये त्याच घरातून स्टार माझा निघाली, जी २०१२ मध्ये एबीपी माझा झाली. आधी वाटून घेतलं, पाय रोवले, मग वेगळं बिऱ्हाड. ईटीव्ही मराठीच्या बातम्या तर हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून यायच्या. मराठी पत्रकारांची एक आख्खी पिढी तिथे तयार झाली.

आणि तो हिंदी अर्धा तास काढून टाकलात तर त्या जागी एमयूटीपीवर अभ्यासपूर्ण चर्चा येईल असं समजू नका. सकाळचंच बुलेटिन पुन्हा लागेल.

शहापूर लोकल

धागाकर्त्यांनी हिंदीला धरलंय. मुंबईची मराठी वाहिनी आमच्याशी वेगळं काय करते?

दर पावसाळ्यात मथळा ठरलेला: 'मुंबईकरांची पाणीचिंता मिटली.' तानसा भरून वाहू लागलं, भातसाचे दरवाजे उघडले, ड्रोनची दृश्यं, निवेदकाचा आनंदी आवाज. तानसा आणि भातसा दोन्ही आमच्या शहापूर तालुक्यात आहेत. याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावं लागतं. दरवाजे उघडले की खालच्या गावांना सावध राहायला लागतं, पूल पाण्याखाली जातो. आमच्यासाठी त्या बातमीत दोन प्रश्न आहेत: पाणी किती सोडलं, आणि धरण उशाला असून आम्हाला नळ कधी? दोन्ही नसतात. 'मुंबईकरांना दिलासा' मात्र गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकाच वेळी लागतं.

प्रेक्षक वेगळा, बुलेटिन एक. भाषा मराठी आहे म्हणून ते आमचं झालं का?

कोपर खैरणे

शहापूर लोकल, +१. रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक नंदुरबारच्या माणसाने का ऐकावं हे मलाही कधी कळलेलं नाही. धागाकर्ते, आधी हे सोडवा, मग दिल्लीकडे बोट दाखवा.

परळ नाका

शहापूर लोकल, तुमचं म्हणणं माझ्या धाग्याच्या विरोधात जात नाही, ते त्याच अंगाने पुढे जातं. हिंदी वाहिनी मराठी प्रेक्षकाचा प्रश्न गिळते तसाच मुंबईचा डेस्क शहापूरचा गिळतो. दोन्हीकडे दृश्य तेच चालेल. तानसाचं ड्रोनचं दृश्य मुंबईलाही हवं आणि तुम्हालाही. त्यावर कोण काय विचारतं, तिथे फरक पडतो.

रात्रपाळी, रिपोर्टर दोन भाषांत देतो हे मान्य. पण तोच रिपोर्टर हिंदीत देताना 'देखिए, महाराष्ट्र की राजनीति में' अशी सुरुवात करतो आणि संदर्भ समजावून सांगतो, कारण समोर कोण आहे हे त्याला ठाऊक असतं. मराठीत त्याला ते सांगावं लागत नाही. म्हणजे तुमच्या रिपोर्टरला प्रेक्षक वेगळा असल्याचं कळतं. हिंदी स्टुडिओ आमच्यावर लावणाऱ्याला ते कळत नाही, किंवा कळूनही तो लावतो.

महाड

मुंबईच्या डेस्कबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती विसरली गेली आहे. २६ जुलै २००५ म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे त्या दिवशी मुंबईतच दोन वेगळी शहरं होती. पण त्याच पावसात आमच्या महाड तालुक्यात जुई, दासगाव इथे दरडी कोसळल्या, घरंच्या घरं गाडली गेली. देशभरच्या पडद्यांवर मात्र पाण्यात बुडालेल्या गाड्या आणि रुळांवरून चालणारे लोक होते. तेव्हा खासगी मराठी वृत्तवाहिनी चोवीस तासांची एकही नव्हती. ज्या होत्या त्या दिल्लीच्या प्रेक्षकासाठी मुंबई दाखवत होत्या.

२०२१ च्या जुलैमध्ये तळीयेवर दरड कोसळली आणि चिपळूण बुडालं, तेव्हा मराठी वाहिन्यांची माणसं बॅकपॅक घेऊन पोहोचली. पुढे त्यांचीच दृश्यं हिंदीने घेतली. मी रात्रपाळींच्या बाजूने आहे. समूह होता म्हणून बॅकपॅक होता.

वांद्रे पूर्व

आमच्या इमारतीत एका घरात मराठी, शेजारी भोजपुरी, समोर गुजराती. मोठी घटना घडली की सगळ्यांना एकाच वेळी एकच माहिती मिळायला हवी. अशा वेळी पाच वाहिन्यांनी पाच गोष्टी सांगण्यापेक्षा एकच प्रक्षेपण सगळीकडे दिसलेलं बरं. २६/११ ला कोण आधी दाखवतो या चढाओढीत काय झालं ते आपण पाहिलं. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची, असं ठरलं. तिथे सगळ्यांचा स्रोत एक असणंच सुरक्षित आहे. तुमचा मराठी बाणा अशा वेळी लोकांच्या जिवावर येऊ शकतो.

परळ नाका

आपत्तीत एकच अधिकृत माहिती सर्वांनी दाखवावी हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण ती मराठी वाहिनीवर मराठीत दाखवावी. कुठला रस्ता बंद आणि कुठली शाळा निवाऱ्यासाठी उघडली, हे कळलं नाही तर माहिती एक असून उपयोग काय? यात बाणा कुठे आला?

प्रादेशिक बातम्या

तुम्ही सगळे टीव्हीत अडकला आहात. ही गाठ आकाशवाणीने कधीच सोडवली आहे. राष्ट्रीय बातमीपत्र सगळ्या केंद्रांवर एकत्र, आणि त्याला जोडून प्रादेशिक बातमीपत्रं मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथून. लोक घड्याळ लावतात त्यावर. जून २०२३ मध्ये पुण्याचं सकाळी सात वाजून दहा मिनिटांचं बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा पुण्यात एवढा विरोध झाला की त्याला स्थगिती द्यावी लागली. बातम्या मराठीतच राहणार होत्या, लहरीही त्याच. तरी लोक चिडले, कारण बातम्या निवडणारं टेबल दुसऱ्या शहरात चाललं होतं. धागाकर्त्यांचा मुद्दा याहून स्पष्ट कुठे दिसेल?

उलट बाजूही बघा. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. २०१९ मध्ये त्यांना आकाशवाणीची हिंदी-इंग्रजी बातमीपत्रं घ्यायची मुभा मिळाली, अट अशी की काहीही न बदलता, आहे तशी. लाखो मुंबईकर लोकलमध्ये कानात एफएम लावून बसतात आणि त्यांना आपल्या शहराची बातमी त्यावर मिळत नाही. सहप्रक्षेपणाशिवाय दुसरा पर्यायच नसला की काय होतं ते इथे दिसतं.

रात्रपाळी

आकाशवाणीला सरकारी पैसा आहे, ती तुलना आम्हाला लावू नका. सॅटेलाइटवर आमचं फीड एकच जातं. शहापूरला वेगळं, मुंबईला वेगळं म्हणजे दुसरी वाहिनी, दुसरी परवानगी, दुसरं भाडं.

बीबीसीकडेही ब्रिटनमधले प्रेक्षक भरतात त्या परवाना शुल्काचा पैसा आहे, आणि त्यांनाही एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनची वृत्तवाहिनी आणि जागतिक वृत्तवाहिनी एकत्र करावी लागली. जग याच दिशेने चाललंय.

प्रादेशिक बातम्या

अर्धंच सांगितलंत. त्याच बीबीसीने ब्रिटनमध्ये मोठं काही घडलं तर तिथल्या प्रेक्षकांसाठी वेगळं फीड काढायची सोय ठेवली. आणि बीबीसी वनवर सहाच्या राष्ट्रीय बातम्या संपल्या की साडेसहाला प्रत्येक प्रदेशाचं आपलं बातमीपत्र लागतं, ते कोणी काढलेलं नाही.

शिवडी कोळीवाडा

माझे आईवडील दोघंही कर्णबधिर आहेत. तुमच्या या भांडणात ते कुठेच नाहीत, म्हणून लिहिते.

२०१९ च्या सरकारी निकषांप्रमाणे प्रत्येक वृत्तवाहिनीने दिवसातून किमान एक बातमीपत्र सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह द्यायचं आहे. आमच्या घरी जे मिळतं ते भलत्याच वेळी, कोपऱ्यातल्या इवल्या चौकटीत, आणि पट्ट्यांनी हात झाकलेले. आईवडील अजून दूरदर्शनच्या रविवारच्या कर्णबधिरांसाठीच्या बातम्यांची आठवण काढतात, कारण तिथे बातम्या देणाऱ्यांचे हात पूर्ण दिसायचे.

इथे मला वाटून घेतलेलं बुलेटिन हवं आहे. भारतीय सांकेतिक भाषेतलं एक चांगलं बातमीपत्र सगळ्या समूहांनी मिळून करावं, पूर्ण पडद्यावर, संध्याकाळी सातला, आणि हिंदी-मराठी-गुजराती सगळ्या वाहिन्यांनी एकाच वेळी दाखवावं. खाली मथळे ज्याच्या त्याच्या भाषेत. दुभाषे मोजके आहेत, प्रत्येक वाहिनीने वेगळा ठेवायचा म्हटलं की कोणीच नीट ठेवत नाही. परळ नाका, 'थांबायला हवं' असं सरसकट लिहिताना हा प्रेक्षकही धरा.

महाड

ही सूचना या धाग्यातली सगळ्यात कामाची आहे.

परळ नाका

शिवडी कोळीवाडा, तुमच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. त्या प्रेक्षकासाठीच म्हणून घडवलेलं बुलेटिन सगळीकडे दाखवायला माझा विरोध कसा असेल? फक्त त्याच्या शेवटी पाच मिनिटं महाराष्ट्राची ठेवायला हवीत. तुमच्या आईवडिलांनाही लोकल बंद आहे का ते कळायला हवं.

रात्रपाळी

या बुलेटिनला माझीही ना नाही, दुभाष्याचा खर्च वाटला जाईल. हिंदी स्टुडिओ लावताना कोपऱ्यात 'हिंदी वाहिनीवरून' असं लिहायलाही कोणाचं काही जाणार नाही, ते मी डेस्कवर मांडेन. पण अर्थसंकल्पाच्या दिवशी पूर्ण मराठी पॅनल? परळ नाका, त्या दिवशी रिमोट प्रेक्षकाच्याच हातात असतो, आणि तो भाषण ऐकून क्रिकेटकडे जातो. गुरुवारी रेटिंग आलं की उत्तर मला द्यावं लागतं, तुम्हाला नाही.

परळ नाका

पूर्ण दिवसाचं पॅनल मी मागितलेलंच नाही. अकराला सुरू होणारं भाषण संसद टीव्हीवरून घ्या, त्यानंतरचा पहिला तासभर हिंदी स्टुडिओ लावा, कोपऱ्यात तसं लिहून. तेवढ्या वेळात डेस्कवरच्या एकाच माणसाला रेल्वेचे कागद काढून बसवा. दुपारी दोनला मराठीत पंधरा मिनिटं द्या: लोकलला काय, कांद्याला काय, महाराष्ट्राच्या वाट्याला काय. ओबी व्हॅन नको, पाहुणे नकोत. हेही परवडत नसेल तर नेमकं कुठे अडतं ते सांगा, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

रात्रपाळी

माणसात अडतं. दुपारी दोनला डेस्कवर जो असतो तो सकाळी सहाला आलेला असतो, आणि त्याला त्याच वेळी वेबसाइट आणि यूट्यूबही भरायचं असतं. एक माणूस वाढवून द्या म्हणून मी मागणी करतो. मिळाला तर पंधरा मिनिटं लागतील.