स्टायपेंड न देणाऱ्या स्टुडिओत इंटर्नशिप करायची का?

कोरा_आर्टबोर्ड
पुण्यात अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या पेठेतल्या एका छोट्या अ‍ॅड स्टुडिओत इंटर्नशिप चालू आहे, मालक धरून चार माणसं. स्टायपेंड शून्य. काम काय तर सकाळी गेल्या गेल्या आज कोणाची जयंती, कोणता दिन ते बघायचं आणि क्लासवाला, सराफ, दोन बिल्डर अशा सगळ्यांच्या शुभेच्छा पोस्टी काढायच्या, सगळ्यांना एकच बॅकग्राउंड दिलं तर बोंबाबोंब होते म्हणून रंग फिरवत बसायचं. दुपारनंतर कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यात शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो कापायचे आणि मग फोन येतात की अमक्याचा फोटो तमक्यापेक्षा बारीक का. माझं म्हणणं सरळ आहे, या कामाचं क्लायंटला बिल लागतं, मग करणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. 'शिकतेयस ना' हे ऐकून कान किटले. आमच्या बॅचने एकदा ठरवून फुकट जाणं बंद केलं पाहिजे. पटतंय का?

चौथा_मजला_स्टुडिओ
नाही पटत. माझा स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो. नवीन मुलगा आला की पहिला महिना त्याच्या फाइली माझा सीनियर दुरुस्त करतो, म्हणजे पगार मी सीनियरला देतो आणि त्याचा अर्धा दिवस इंटर्नवर जातो. बिल लागतं म्हणताय, बिल लागलं की जीएसटी भरावा लागतो, पैसे मात्र बिल्डरच्या मर्जीने येतात, कधी दिवाळीत कधी पुढच्या दिवाळीत. आणि पोरगा जरा हाताशी आला की मुंबईला मोठ्या एजन्सीत पळतो. त्याला ना नाही, पण मग मी त्याच्यावर खर्च का करायचा ते सांगा. शुभेच्छा पोस्टी कमी समजू नका, रोज डेडलाइन पाळायची सवय त्यातूनच लागते.

प्लेट_आणि_शाई
मी ऑफसेट छापखान्यात आहे, स्टुडिओवाल्यांच्या फाइली रोज बघतो. ताई, पैशाचं तुमचं तुम्ही बघा पण शिकण्याचं बोलतो. गेल्या सीझनला एका इंटर्नने केलेलं पॅम्फ्लेट आलं, पत्ता आणि अटी अगदी बारीक टायपात. फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत केलेली, नंतर सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत केली, त्यामुळे काळा रंग नुसता काळा न राहता चारही शायांच्या प्लेटांत वाटला गेला. प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षराला गुलाबी-निळी सावली येते, वाचता येत नाही. पोरीला मशीनवर बोलावलं, भिंगातून दाखवलं, दोन मिनिटांचं काम. तेव्हापासून तिचा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असतो. मराठी मॅटरची तर वेगळीच गंमत, क्लायंट व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये पाठवतो, स्टुडिओत डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर कोरल आणि श्रीलिपीचे युनिकोडआधीचे फॉन्ट, कन्व्हर्ट करताना 'दुसऱ्या'चा र हमखास तुटतो. प्रूफ न वाचता कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवलं की गेलं छापायला. हे कॉलेजात कोणी शिकवत नाही, छोट्या स्टुडिओतच कळतं.

कोरा_आर्टबोर्ड
@प्लेट_आणि_शाई दादा तुम्ही दाखवलंत, आमच्याकडे छापखान्यात ऑफिसबॉय पेन ड्राइव्ह घेऊन जातो, मला खुर्चीवरून उठू देत नाहीत. मी हेच तर म्हणतेय. @चौथा_मजला_स्टुडिओ तुमचा बिल्डर पैसे थकवतो त्याची भरपाई माझ्याकडून का?

मांजराकाठचा
इथे सगळे पुण्यात स्वतःचं घर असल्यासारखं बोलताय. मी लातूरचा. कॉट बेसिसची खोली, मेस, पीएमपी बस, हे सगळं वडील सोयाबीन विकून पाठवतात. फुकट इंटर्नशिप ज्यांना परवडते तेच चांगल्या स्टुडिओत जातात, त्यांचाच पोर्टफोलिओ होतो, मग नोकरी पण त्यांनाच. माझ्यापेक्षा वर्गात दुय्यम रेघ मारणारा आज जिथे आहे तिथे मी फक्त खोलीभाड्यापायी गेलो नाही. शिकवतात की नाही हा नंतरचा प्रश्न हो, आधी दारातून आत तर जाता आलं पाहिजे. निदान जेवण आणि पास एवढं तरी द्या.

चौथा_मजला_स्टुडिओ
@मांजराकाठचा हे मान्य, जेवण-प्रवास द्यायला हवा, मीही देतो. पण त्याला पगार म्हणू नका आणि कायदा दाखवू नका.

कलम_सतरा
कायद्याचं निघालंच आहे तर. अ‍ॅप्रेंटिस ठेवण्याची सक्ती 30 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला आहे, 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक. म्हणजे चार माणसांचा स्टुडिओ सक्तीत बसतच नाही. राज्य सरकारची 2024 ची कार्य प्रशिक्षण योजना आहे, त्यात बारावीला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10000 महिना, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती नाही. त्यामुळे धागाकर्तीच्या हातात कॉलेज आणि स्टुडिओ यांच्यातला कागद सोडून काही नाही. दुसरी गोष्ट कोणी बोललंच नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीच्या किंवा अ‍ॅप्रेंटिसशिपच्या करारात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, एम्प्लॉयर असतो. तुमचा करार कसला, आहे तरी का? पोर्टफोलिओत काय लावता येईल ते जायच्या आधी मेलवर लिहून घ्या, नाहीतर वर्षभराने फोन येतो 'ते काढून टाक'.

खडू_आणि_ब्रश
शिकवतो मी, त्यामुळे आमच्याही बाजूने ओरडा बसणार. खरं सांगायचं तर बऱ्याच कॉलेजांना फक्त लेटरहेडवरचं सर्टिफिकेट हवं असतं, मुलगा तिथे काय करतो हे बघायला कोणी जात नाही. पण बॅचने बहिष्कार टाकावा हे मला पटत नाही. उद्या स्टुडिओवाले कॅनव्हा अ‍ॅपवर तयार टेम्प्लेट घेऊन पोस्टी स्वतःच काढतील, काही काढतातही. फ्लेक्स आणि जयंतीच्या जोरावर घासाघीस होणार नाही, ब्रोशरचा लेआउट, देवनागरी लेटरिंग असं काहीतरी येत असेल तरच समोरचा आकडा बोलतो.

कोरा_आर्टबोर्ड
सर, लेटरिंग येतं मला. दाखवायला कोणी मागत नाही ना. मालकांना उद्या तीन गोष्टी विचारणार आहे, पास, आठवड्यातून एकदा छापखाना, आणि पोर्टफोलिओचा मेल. नाही म्हणाले तर शनिवारपासून जाणार नाही, सर्टिफिकेट गेलं खड्ड्यात.

चौथा_मजला_स्टुडिओ
छापखाना देतील बघा. पासाला नाही म्हणतील.

मांजराकाठचा
उलटं होईल. पैज?